डिंगमारांचे बंदर आणि मनोहराचे खिळे



माझे बालपण ज्या आळीत गेले तिच्या तोंडाशी एक लहानसा छापखाना होता, आणि शाळेतून परतताना त्याच्या खिडकीपाशी उभे राहून आतल्या जुळाऱ्याचे काम पाहत राहणे हा माझा नित्याचा परिपाठ होता. समोर उतरत्या पाटावर शेकडो घरे पाडलेली लाकडी पेटी, डाव्या हातात जुळणीची पट्टी, आणि उजवा हात मात्र धान्य टिपणाऱ्या पाखरासारखा या घरातून त्या घरात फिरत असे. नजर हस्तलिखितावरून क्षणभरही न ढळता बोटे नेमके ‘क्ष’च्या घरात जात, नेमका अर्धा ‘त’ उचलीत, आणि ओळ भरत आली की तो ती उलटी ओळ आपल्याला सुलटी दिसत असल्याप्रमाणे वाचून पाही. अक्षरांचे हे खिळे कोठून आले, असे मी एकदा विचारले तेव्हा ‘मुंबईहून’ असे उत्तर मिळाले. मुंबईला ते कोणी प्रथम केले, आणि ज्याने केले त्याच्याही आधी देवनागरी व मोडी अक्षर पोलादात कोरण्याचे धाडस कोणत्या हाताने केले, हा प्रश्न मनात घोळत राहिला तो पुष्कळ वर्षे. त्या प्रश्नाचा माग काढीत गेले असता मनुष्य मुंबईस पोहोचत नाही, पुण्यासही नाही. तो पोहोचतो कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर वसलेल्या एका लहानशा बंदरात. त्याचे नाव श्रीरामपूर. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर ते हे नव्हे. इंग्रजांच्या कागदोपत्री ते ‘सेरामपूर’, आणि ज्या राजाची तेथे नव्वद वर्षे मालकी होती त्याच्या दप्तरी ‘फ्रेडरिक्सनगर’.

तो राजा डेन्मार्कचा. बंगाली लोक त्या राष्ट्राच्या व्यापाऱ्यांना ‘दिनेमार’ म्हणत. आपल्याकडे त्यांना ‘डिंगमार’ म्हणत असत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांची, जी नामावळी आली आहे तीत फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) आणि फरांसिस (फ्रेंच) यांच्या पंक्तीस हे डिंगमारही बसलेले आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्या ग्रंथातील टोपीकरांविषयीचे प्रकरण वाचताना आजही विस्मय वाटतो. हे लोक केवळ व्यापारी नव्हेत, त्यांच्या पाठीमागे राज्ये आहेत, यांना वखारीसाठी जागा देणे भाग पडलेच तर समुद्रकिनारी आणि खाडीच्या तोंडाशी ती देऊ नये, असा त्यातील इशारा आहे. बंगालच्या नवाबाला असा सल्ला देणारा अमात्य लाभला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण 1755 साली अलिवर्दीखानाने डिंगमारांना हुगळीच्या काठी जागा दिली तेव्हा इंग्रज, फ्रेंच आणि वलंदेज या तिघांच्याही वखारी त्याच काठावर आधीच उभ्या होत्या. चौथ्याला नकार देऊन काय साधणार होते?

शिवाय नवाबाला पैशाची निकड होती, आणि त्या निकडीस आपणच कारण होतो. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले तेव्हापासून जवळजवळ दरसाल मराठी घोडदळ त्या सुपीक मुलखात उतरत राहिले. खुद्द हुगळी शहर काही काळ मराठ्यांच्या ताब्यात होते, कलकत्त्याच्या लोकांनी भयाने नगराभोवती जो खंदक खणावयास घेतला त्याचे नाव ‘मराठा खंदक’ असेच पडले, आणि बारगिरांच्या नावावरून आलेला ‘बर्गी’ हा शब्द बंगाली माउलीच्या तोंडी मूल निजविण्याच्या धाकाचा शब्द होऊन बसला. अटकेपारच्या झेंड्याचा अभिमान आपण बाळगतो, तो बाळगावा. परंतु जळालेल्या धान्याच्या कोठारांची आणि गाव सोडून पळालेल्या विणकरांची ही बाजूही आपलीच आहे, आणि ती सांगताना आवाज खाली आणू नये असे मला वाटते. 1751 च्या तहाने नवाबाने भोसल्यांना दरसाल बारा लक्ष रुपये चौथाई देण्याचे कबूल केले. चारच वर्षांनी डिंगमारांचा वकील दरबारी आला, फ्रेंचांच्या मध्यस्थीने बोलणी झाली, नवाबाची आणि दरबाराची भर करून परवाना मिळाला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका झोपडीवजा वखारीपुढे डेन्मार्कचे निशाण चढले. जमीन शेवडाफुलीच्या जमीनदारांची. तिचा सालीना खंड त्यांना पोचता करण्याची अट होती.

बंदर म्हणून श्रीरामपूरला नशिबाने साथ दिली ती दुसऱ्यांच्या युद्धांमुळे. 1778 पासून इंग्रजांचे फ्रेंचांशी, पुढे वलंदेजांशीही जुंपले. पुन्हा 1793 पासून फ्रेंच राज्यक्रांतीनंतरची लांबलचक झुंज सुरू झाली. इंग्रजांच्या गलबतांना भर समुद्रात धरपकडीचे भय, विम्याचे दर चढलेले, आणि अशा वेळी तटस्थ डेन्मार्कच्या निशाणाखाली माल भरला की तो निर्वेधपणे युरोपात पोचे. रेशमी व सुती कापड, सोरा, साखर, नीळ असा माल नदीवर उभ्या असलेल्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजांत चढत असे. एका काळी नऊ महिन्यांच्या अवधीत बावीस जहाजे, एकंदर दहा हजार टनांची, या एवढ्याशा बंदरातून निघाली अशी नोंद आहे. या भरभराटीचे आणखी एक गुपित होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रज नोकरांनी इकडे जी खासगी माया जमविली होती ती स्वतःच्या कंपनीच्या मार्गाने विलायतेस पाठविणे गैरसोयीचे, कित्येकदा अडचणीत आणणारे असे. तेव्हा ते ती रक्कम डिंगमारांच्या खजिन्यात भरीत आणि कोपनहेगनवरील हुंडी घेत. डेन्मार्कचा व्यापार अशा रीतीने पुष्कळसा इंग्रजांच्याच पैशावर चालला होता. कलकत्त्याचे दिवाळे निघालेले कर्जदारही नदी ओलांडून या परक्या अंमलाखाली आश्रयास येत. आश्रय देणे हा जणू त्या गावाचा एक धंदाच झाला होता, आणि याच धंद्यामुळे पुढे त्याचे नाव अमर झाले.

1799 च्या ऑक्टोबरात एका अमेरिकन जहाजातून काही इंग्रज धर्मोपदेशक कलकत्त्यास आले. इंग्रज कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते आणि छापखाना तर त्याहून नको होता. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने त्याच वर्षी वर्तमानपत्रांवर कडक निर्बंध घातले होते. हे लोक तडक श्रीरामपूरला उतरले. तेथील मुख्य अधिकारी कर्नल ओले बी, वयाने वृद्ध आणि त्या गावात हयात घालविलेला गृहस्थ, त्याने त्यांना इंग्रजांच्या हवाली करण्याचे नाकारले. या मंडळीत जोशुआ मार्शमन हा शाळामास्तर होता आणि विल्यम वॉर्ड हा मुद्रणकलेत मुरलेला मनुष्य होता. त्यांना येऊन मिळाला विल्यम कॅरी, मूळचा चांभारकाम करणारा, सहा वर्षांपूर्वी बंगालमध्ये येऊन उत्तरेकडे निळीच्या कारखान्यावर देखरेख करीत भाषा शिकलेला. 10 जानेवारी 1800 रोजी तो श्रीरामपूरला आला तेव्हा सोबत एक लाकडी छापयंत्र होते. कारखान्यावर असताना ते पाहावयास जमलेल्या खेडुतांनी, कॅरीच्या तोंडून त्याचे सामर्थ्य ऐकून, हे साहेब लोकांचे दैवत असले पाहिजे असा निर्वाळा दिला होता.

पण यंत्र असून भागत नाही, अक्षरे लागतात. लोहारकामाचा पिढीजात वारसा असलेल्या कुळातील पंचानन कर्मकार याने चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली अक्षरे कोरण्याची विद्या घेतली होती. 1778 साली हुगळी येथे छापलेल्या हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणासाठी झालेल्या त्या अक्षरांच्या कामात तो विल्किन्सचा सहकारी होता. असा मनुष्य श्रीरामपूरला मिळाला, आणि त्याच्यामागून त्याचा जावई मनोहर. या दोघांचे काम कसे चालत असेल हे डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखे आहे. पोलादाच्या बोटभर कांबीचे टोक घासून सपाट करावयाचे, त्यावर अक्षर उलटे आखावयाचे, आणि कानस व टाकी यांनी अक्षराबाहेरचे पोलाद कणाकणाने काढून टाकून अक्षर तेवढे उभे ठेवावयाचे. ‘ळ’च्या पोटातील पोकळी, ‘श’ची गाठ, रफाराचा बाक, यात केसभर चूक झाली की कांब फुकट. मग तो ठसा तापवून पाणी द्यावयाचा, तांब्याच्या पट्टीवर ठोकून साचा उमटवावयाचा, आणि त्या साच्यात शिसे, सुरमा व कथील यांचा रस ओतून खिळा पाडावयाचा. इंग्रजीला सव्वीस अक्षरांची लहानमोठी रूपे पुरतात. नागरीला मात्र काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून सुमारे सातशे निरनिराळे ठसे लागले. पंचाननाने हे नागरीचे काम हाती घेतले, परंतु ते पुरे होण्याआधीच तो वारला. ते तडीस नेले मनोहराने, आणि पुढे चाळीस वर्षे तो हेच करीत राहिला. नागरी, मोडी, उडिया आणि अखेर चिनीसुद्धा.

येथे आपल्याकडील एक समकालीन उद्योग आठवल्यावाचून राहत नाही. नाना फडणविसांच्या मनात भगवद्गीता छापून ब्राह्मणांस वाटावी असे आले आणि त्यासाठी पुण्यातील एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर पोथीची पाने कोरावयास घेतली. नानांच्या पश्चात ते काम मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले, आणि 1805 साली गीता छापून निघाली. हातोटी दोघांचीही सारखीच सूक्ष्म; किंबहुना तांबटाचे काम अधिक कष्टाचे. अंतर आहे ते एवढेच की मिरजेच्या तांबटाने पान कोरले आणि श्रीरामपूरच्या लोहाराने अक्षर कोरले. कोरलेले पान एकाच ग्रंथाचे होऊन राहते. सुटे अक्षर आज गीतेला, उद्या व्याकरणाला आणि परवा जाहीरनाम्याला लावता येते. त्याच 1805 साली श्रीरामपूरला कॅरीचे मराठी व्याकरण आणि मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर ही दोन्ही नागरी खिळ्यांत छापून बाहेर पडली. एकाच वर्षी, एकमेकांच्या गंधवार्तेवाचून, एक मराठी मुलखात आणि दुसरा त्याच्या दूर बाहेर, असे हे दोन प्रयत्न सिद्धीस जावेत, आणि त्यातील एकाचा वंश खुंटून दुसऱ्याचा वाढावा, हा योग मला फार विचार करायला लावतो. पुण्याच्या दरबारात आणखी दहा वर्षे स्वास्थ्य असते तर त्या तांबटालाही पानाकडून अक्षराकडे वळावेसे वाटले नसते असे कोणी म्हणावे?

कॅरीला मराठी कोणी शिकविली? कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात 1804 पासून मराठी शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले. तेथील मुख्य मराठी पंडित वैजनाथशास्त्री हे नागपूरकडील. त्यांच्याच साहाय्याने 1810 साली मराठीचा कोश निघाला, आणि त्यातील मराठी शब्दांना नागरीऐवजी मोडीचे खिळे वापरले गेले. मोडी ही धावत्या बोरूची लिपी, हात न उचलता लिहावयाची. तिचे तुकडे पाडून एकेक अक्षर पोलादात उभे करणे म्हणजे वाहते पाणी विटांत बांधण्यासारखे होते. मनोहराला मराठीचे अक्षरही येत नव्हते असे समजण्यास हरकत नाही, आणि तरीही त्याच्या हातून आमची मोडी शिशात उतरली. पुढे 1814 ते 1816 या अवधीत सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, प्रतापादित्याचे चरित्र आणि राघोजी भोसल्यांची वंशावळी असे मराठी गद्यग्रंथ तेथूनच निघाले. यांपैकी शेवटच्या नावापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. ज्या रघूजीच्या स्वाऱ्यांनी हा काठ उजाड केला, ज्याच्या चौथाईच्या ओझ्याने वाकलेल्या नवाबाने हे गाव परक्यांच्या हाती दिले, त्याचीच वंशावळी साठ-पासष्ट वर्षांनी त्याच गावात, एका बंगाली लोहाराने पाडलेल्या मोडी खिळ्यांत छापली जात होती. जुळणी करणाऱ्यांना आपण कोणाचे नाव जुळवीत आहोत याची कल्पना असेल काय, हे कळण्यास मार्ग नाही.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी या छापखान्याला आग लागली. कागदाचा प्रचंड साठा, कित्येक भाषांचे खिळे, आणि ज्यांची दुसरी प्रत नव्हती अशी कॅरीची हस्तलिखिते रात्रीतून गेली. त्यात अनेक भाषांच्या एकत्र कोशाचे त्याचे आवडते काम होते. परंतु राख उपसताना पोलादी ठसे आणि तांब्याचे साचे बहुतांशी शाबूत सापडले. वितळलेले शिसे गोळा करून त्याच रसातून नवे खिळे पाडावयास दुसऱ्या आठवड्यापासूनच आरंभ झाला. कर्मकारांचे काम आगीतून तरले.

कागदाची कथा निराळी आहे. देशी कागदाला तांदळाच्या पेजेची खळ दिलेली असे. कसर आणि वाळवी यांना ती मेजवानीच. रेंगाळलेल्या ग्रंथाचे शेवटचे पान छापून होण्याआधी पहिले पान किडीने खाल्लेले असे, अशी तक्रार त्या काळच्या लिखाणात आहे. म्हणून मिशनने स्वतःची कागदाची गिरणी घातली. लगदा कुटण्याचे यंत्र फिरविण्यासाठी पायटप्प्यांचे एक मोठे चाक होते आणि त्यावर चाळीस-चाळीस मजुरांच्या पाळ्या चालत. एके दिवशी त्या चाकात सापडून एक मजूर दगावला. त्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्या उद्योगाचे कौतुक आपण गात आहोत त्याच्या पायथ्याशी हा निनावी मनुष्य आहे, याची आठवण ठेवूनच पुढचे वाचावे. या अपघातानंतर चालकांनी विलायतेस लिहून वाफेचे यंत्र मागविले. बोल्टन गावच्या कारखान्यात घडविलेले, बारा अश्वशक्तीचे. 27 मार्च 1820 रोजी ते सुरू झाले. कारखानदारीच्या कामास जुंपलेल्या हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या वाफेच्या यंत्रांपैकी ते एक. लोकांनी त्याला ‘आगीचे यंत्र’ म्हटले, आणि ते पाहण्यासाठी अशी झुंबड उडे की विलायतेहून आणलेला यंत्रचालक त्रासून जाई.

त्या झुंबडीत नदीच्या पलीकडल्या तीरावरील टिटागड गावचा गोलोकचंद्र नावाचा एक लोहार होता. त्याने ते यंत्र पाहिले, पुन्हा पाहिले, आणि कोणा युरोपीय कारागिराच्या मदतीवाचून त्याच्या नमुन्यावर एक लहान चालते यंत्र स्वतः घडविले. 1828 च्या जानेवारीत कलकत्त्याच्या कृषि-उद्यान सभेच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि सभेने त्याला पन्नास रुपये बक्षीस दिले. एवढ्यावर नोंद संपते. हा मनुष्य दुसऱ्या देशात जन्मता तर त्याला भांडवल देणारा सावकार भेटला असता, त्याच्या पत्र्याच्या शाळेतून दहा शागीर्द बाहेर पडले असते. आपल्याकडे बक्षीस देणारे होते. काम देणारे नव्हते. पन्नास रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हती हे मला ठाऊक आहे, तरीही तो आकडा वाचताना माझ्या पोटात कालवते.

बंदर तोवर खचले होते. इंग्रजांनी 1801 साली ते काही काळ घेतले आणि 1808 पासून सात वर्षे आपल्या ताब्यात ठेवले. 1815 ला परत दिले तेव्हा तटस्थ निशाणाची किंमत उरली नव्हती. युद्ध मिटले होते, कंपनीचा हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता सुटला होता, आणि स्वस्त विलायती सुती कापड उलट दिशेने येऊ लागले होते. डेन्मार्कचे जहाज क्वचितच दिसे. अखेर 1845 साली डेन्मार्कच्या राजाने तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी इंग्रज कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकून टाकली; भोसल्यांच्या एका सालच्या चौथाईहून ही किंमत अर्ध्या लाखानेच अधिक. 1854 साली हावड्याहून हुगळीस जाणारी आगगाडी गावाच्या पाठीमागून धावू लागली आणि माणसांनी व मालाने नदीकडे पाठ फिरविली. त्याच्या पुढच्याच वर्षी लगतच्या रिश्रा गावी जॉर्ज अ‍ॅकलंड याने बिश्वंभर सेन यांच्या भांडवलावर, डंडीहून आणलेल्या यंत्रांनी, ताग कातण्याची पहिली गिरणी काढली, आणि पाहता पाहता दोन्ही काठ धुराड्यांनी भरून गेले. खुद्द श्रीरामपुरातही तागाची गिरणी आली. तो इतिहास मोठा आहे, दुःखाचाही आहे, आणि त्याला एक निराळा लेख लागेल.

मला आज मनोहरापाशी परत जावयाचे आहे. चाळीस वर्षे ज्याच्या हातांनी ख्रिस्ती धर्मग्रंथांसाठी अक्षरे कोरली तो स्वतः अखेरपर्यंत हिंदूच राहिला. 1839 साली एका पाद्र्याने त्याला पाहिले तेव्हा तो भिंतीवरील आपल्या इष्टदेवतेच्या मूर्तीखाली मांडी घालून बसला होता आणि शुभवर्तमानासाठी ठसे घडवीत होता. त्या देवतेच्या कृपाछत्राखाली नसेल तर तो टाकीला हात लावीत नसे. कोणाला यात विसंगती दिसेल. मला त्यात एका कारागिराची पूजा दिसते. पुढे या घराण्याने श्रीरामपुरात स्वतःचा छापखाना काढला, आणि मनोहराचा मुलगा कृष्णचंद्र याच्या हातचे जे छापील काम बंगालमध्ये घरोघर गेले ते होते पंजिका, म्हणजे आपले पंचांग, त्यात त्याने स्वतः कोरलेली देवदेवतांची चित्रे असत. इकडे मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली शिळाछापावर पहिले मराठी पंचांग काढले, मग स्वतः साचे करून खिळे पाडले. पुढे जावजी दादाजींनी खिळ्यांचा कारखाना घातला आणि राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी अक्षरे कोरली. आमच्या आळीतल्या त्या खिडकीत मी पाहत असे ते खिळे याच शाखेचे होते, आणि फाल्गुन उतरू लागला की त्या जुळाऱ्याच्या पट्टीवर वर्षानुवर्षे जे काम चढत असे, तेही पंचांगच होते.